फास्टर फेणेला बाकावर का उभे करता?

दिवाळी अंकातल्या लेखकाने वाचकाचे तोंड गोड करावे, निदान कडू तरी करू नये, असा संकेत आहे. तो मला मान्य आहे. पण यंदा माझा नाइलाज आहे. मला भांडायचे आहे. ज्यांच्याशी भांडायचे ती माणसे सज्जन आहेत, स्वतः वाचणारी आहेत, मराठीवर मनापासून प्रेम करणारी आहेत, आणि बहुधा या घटकेला हाच अंक त्यांच्याही मांडीवर, चकलीच्या बशीशेजारी, उघडलेला असेल. मुलांच्या पुस्तकांचे नुकसान दुर्जनांनी कधी फारसे केलेले नाही. दुर्जनांना तेवढी सवडच नसते. ते केले आहे सज्जनांनीच, आणि तेही मुलांच्या कल्याणासाठी!

निमित्त अगदी लहानसे घडले. मध्य मुंबईतल्या एका शाळेत ग्रंथालयासाठी पुस्तके निवडण्याची सभा होती. पैसा बेताचा, कपाट एक, आणि यादी लांब. यादीत भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'चा संच होता. एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या ओळीवर लाल पेन्सिलीची रेघ ओढली. "ही चोरचिलटांची पुस्तके. मुलांवर काही संस्कार होतील असे घ्या." एका बाईंनी मान डोलावली, "पोरे एकदा या मालिकांच्या नादी लागली, की दुसरे काही हातात धरत नाहीत हो!" तिसऱ्या गृहस्थांनी शेवटचा खिळा ठोकला, "शिवाय यात साहित्य कुठे आहे?" संच गेला. त्याच्या जागी थोर पुरुषांची बारकी चरित्रे आली. सगळ्यांची मुखपृष्ठे सारखी, सगळ्यांचे बालपण सारखे, आणि सगळे थोर पुरुष लहानपणी सारखेच खरे बोलणारे. कपाटाला कुलूप लागले. किल्ली कचेरीत गेली.

मी शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्याही लिहितो. पण माझे शिक्षण मॅट्रिकशी थांबले, त्यामुळे समीक्षेची परिभाषा मला येत नाही. साध्या मराठीत त्या तीन आक्षेपांना उत्तर देतो.

आधी ज्या माणसावर ही रेघ ओढली गेली, तो कोण होता ते पाहू. भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० चा. बेचाळीसच्या लढ्यात उतरलेली ती पिढी. मुलांसाठी लिहिणे हा तेव्हा बहुतेक लेखकांचा डाव्या हाताचा उद्योग होता. मोठ्यांसाठी लिहून उरलेली शाई तिकडे वळवायची. भागवतांनी मात्र ते काम उजव्या हाताने केले आणि जन्मभर केले. पन्नाशीच्या दशकात त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढले आणि चालवले. लीलावतीबाई भागवत याही मुलांच्याच लेखिका. म्हणजे घरच सारे या कामाला जुंपलेले. ज्यूल व्हर्न हा फ्रेंच लेखक त्यांनी मराठी मुलांच्या ओळखीचा केला. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावेच पाहा. शेंडीवाल्या धूमकेतूला 'शेंडेनक्षत्र' म्हणणारा माणूस मुलांच्या भाषेत विचार करीत होता, हे सांगायला समीक्षक कशाला हवा? २७ ऑक्टोबर २००१ रोजी, नव्वदी ओलांडून, ते गेले.

आणि त्यांचा बनेश फेणे! पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, विद्याभवन शाळेत शिकणारा, काटकुळा, सायकलवरून भन्नाट सुटणारा, आणि काही सुचले की जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा. वीसेक पुस्तके त्याच्यावर झाली. कधी तो काश्मीरात गुलमर्गचे गूढ उकलतो, कधी प्रतापगडावर जातो, कधी चक्रीवादळात सापडतो. त्याच्यापाशी पिळदार दंड नाहीत, पैसा नाही, कोणाची ओळख नाही. आहेत ते दोन डोळे, एक सायकल, आणि दुसऱ्यावर संकट आले की तिकडे धावायची खोड.

आता पहिला आक्षेप : चोरचिलटांची पुस्तके. अहो, ज्या लालबाग-दादरच्या रस्त्यांवर आपण लोणीचोराच्या नावाने थरावर थर रचतो, तिथल्या माणसांनी 'चोर' या शब्दाला इतके दचकावे? पंचतंत्रातली कावळीण सोन्याचा हार पळवून सापाच्या बिळात टाकते आणि राजाच्या माणसांकडून सापाचा काटा काढते. ती गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात घालतो. मराठी मुलाने ऐकलेली पहिली साहसकथा कोणती? आग्र्याहून सुटका, साल १६६६. पहारे, सोंग, मिठाईचे पेटारे, पलंगावर पांघरूण घेऊन पडलेला दुसराच कोणी. यात रहस्यकथेला लागणारे काय कमी आहे? ती ऐकून मुले पेटाऱ्यात बसून पळायला शिकली नाहीत. संकटात डोके शाबूत ठेवावे, एवढेच शिकली.

संस्कार म्हणजे तात्पर्य, अशी आपली एक अडाणी समजूत झाली आहे. गोष्टीच्या शेवटी जाड ठशात 'म्हणून मुलांनो,' असे छापले, की संस्कार झाला! माझा वर्गातला अनुभव सांगतो, तात्पर्याची ओळ आली की चाळीसपैकी चाळीस डोकी खिडकीकडे वळतात. रहस्यकथा तात्पर्य सांगत नाही, ती कामाला लावते. चिखलात सायकलच्या चाकाची खूण आहे. ती येतानाची की जातानाची? हा माणूस म्हणतो मी काल गावात नव्हतो. मग त्याच्या खिशात आजचे तिकीट कसे? ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, पुरावा पाहावा, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय तो निर्दोषही असू शकतो, आणि ज्याला सगळे नमस्कार करतात तोही चोर असू शकतो, हे दहा वर्षांच्या पोराला आणखी कोण शिकवणार? नागरिकशास्त्राचे पुस्तक? आज घरोघर मोबाइलवर येणारी कुठलीही बातमी मोठी माणसे न तपासता पुढे ढकलतात. त्यांनी लहानपणी चार रहस्यकथा जास्त वाचल्या असत्या, तर बरे झाले असते.

आणि 'श्यामची आई' वाचायची की 'फास्टर फेणे', असा सवाल टाकणाऱ्यांना माझा उलट सवाल आहे : भाकरी खायची की पाणी प्यायचे? साने गुरुजींचे १९३५ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक मी आजही वर्गात वाचतो, आणि मुलांबरोबर माझाही घसा दाटतो. पण रडण्याइतकेच धावणेही मुलाच्या प्रकृतीला लागते. एकाच कपाटात दोघांनाही जागा आहे.

दुसरा आक्षेप : मालिकेचे व्यसन. ही बाब थोडी सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण येथे निरीक्षण खरे आहे आणि निष्कर्ष चुकला आहे. मूल एकाच नायकाची दहा पुस्तके मागते हे खरे. पण का मागते? वाचायला शिकणे म्हणजे अक्षरे ओळखणे नव्हे. अक्षरे विसरून जाणे! डोळा ओळीवरून असा सरकला पाहिजे, की मधे अक्षर आहे याचे भान राहू नये. तो वेग नवनवीन, अनोळखी पुस्तकांनी येत नाही. ओळखीचा नायक, ओळखीची बोलण्याची ढब, ओळखीचा मित्रपरिवार असला, की नव्या पुस्तकाचा उंबरठा ठेचकाळत नाही. पाढे आपण रोज तेच म्हणून घेतो, आरती रोज तीच म्हणतो, आजीकडून रोज तीच गोष्ट मागतो. पुनरावृत्तीचा विटाळ फक्त पुस्तकालाच का? वीस पुस्तके संपली की एकविसावे नसते. तेव्हा भूक तर लागलेली आणि ताट रिकामे, अशा अवस्थेत मूल शेजारच्या कप्प्याकडे वळते. त्या वेळी तिथे काय ठेवायचे, हे आपले काम आहे. भागवतांनी त्यांच्यापुरती ती सोय करून ठेवली होती. फेणे संपला की व्हर्न आहे. आणि 'बिपीन बुकलवार' नावाचा त्यांचा दुसरा नायक तर स्वतःच पुस्तकातला किडा. वाचणाऱ्या पोरालाच त्यांनी रहस्ये उलगडायला लावले. मुलांना वाचनाकडे वळवण्याची याहून शहाणी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

या आक्षेपामागे एक जुना डूख आहे, तोही बोलून टाकतो. मुंबईत बाबूराव अर्नाळकर नावाचा लेखक होऊन गेला. झुंजार, धनंजय, काळापहाड यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. गिरगावच्या खोल्यांत आणि परळच्या चाळींत त्या हातोहात फिरल्या. गिरणी कामगाराने वाचल्या, कारकुनाने वाचल्या, आणि उशीखाली लपवून शाळकरी मुलांनीही वाचल्या. ती मुले पुढे खांडेकर-फडक्यांकडे गेली, त्यांतली काही मर्ढेकरांपर्यंत पोचली, काही प्राध्यापक झाली. आणि प्राध्यापक झाल्याबरोबर ज्या शिडीने वर चढली, तिची त्यांना लाज वाटू लागली. अर्नाळकरांना साहित्यात जागा द्यायची की नाही, याची चर्चा विद्वानांनी खुशाल करावी. पण मोठ्यांच्या रहस्यकथेचा राग मुलांच्या साहसकथेवर काढू नये. 'फास्टर फेणे' हा भागवतांनी मुलांसाठीच, मुलांच्या वयाला जपून, मुद्दाम घडवलेला मुलगा आहे.

तिसरा आक्षेप : यात साहित्य कुठे आहे? ही तक्रार काही आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत एडवर्ड स्ट्रेटमायर नावाचा गृहस्थ (१८६२–१९३०) होऊन गेला. त्याने मुलांच्या मालिकांचा चक्क कारखाना काढला. कथानकाचा आराखडा हा द्यायचा, लिहिणारे मजुरीवर लिहायचे, आणि पुस्तकावर नाव तिसऱ्याच, अस्तित्वात नसलेल्या लेखकाचे छापायचे! टॉम स्विफ्ट १९१० साली आला, हार्डी बंधू १९२७ साली, आणि नॅन्सी ड्रू ही मुलगी डिटेक्टिव्ह १९३० साली, स्ट्रेटमायरच्या मृत्यूच्या काही दिवस आधी. पन्नास सेंटची ही पुस्तके मुले स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेत. १९१४ साली तिथल्या बालवीर संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी या स्वस्त मालिकांवर तोफ डागली. त्यांच्या मते ही पुस्तके पोरांच्या मेंदूच्या चिंधड्या उडवीत होती. तिथल्या ग्रंथालयांनीही त्यांना वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले. इंग्लंडात एनिड ब्लायटनबाईंना बी. बी. सी. च्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे रेडिओपासून दूर ठेवले होते. कारण तेच, वाङ्मयीन दर्जा. निकाल काय लागला? मॅथ्यूजसाहेबांचे नाव आज अभ्यासकांना ठाऊक. नॅन्सी ड्रू शंभरीकडे चालली आहे.

स्ट्रेटमायरचा कारखाना आणि भागवतांची लेखणी यांतला फरकही ध्यानात घ्यावा. तिथे मजुरीचे लेखक आणि साच्यातली वाक्ये. इथे एकाच माणसाची एकाच शाईची वीसेक पुस्तके. त्या भाषेत पुण्याची बोली आहे, थट्टा आहे, म्हणींची फोडणी आहे. साच्यातून निघालेल्या पुस्तकांनाही जिथे शेवटी मान मिळाला, तिथे आमच्या हाताने घडवलेल्या पोराला आम्ही बाकावर उभे करतो.

आणि परदेश तरी कशाला? बंगाल्यांकडे पाहा. सत्यजित राय यांनी फेलूदा १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात आणला. ते मासिक त्यांच्या आजोबांनी १९१३ साली काढलेले, आणि नातवाने १९६१ साली पुन्हा उभे केलेले. जगाने डोक्यावर घेतलेल्या त्या दिग्दर्शकाला मुलांसाठी डिटेक्टिव्ह लिहिताना आपण खाली उतरलो असे वाटले नाही, आणि बंगाली बापाला तो मुलाच्या हाती देताना लाज वाटली नाही. तिथे आजोबा आणि नातू एकाच पुस्तकावरून भांडतात. आमच्याकडे आजोबा लाल पेन्सील शोधतात.

मुलांसाठी प्रकाशन करणे म्हणजे काय असते, तेही एकदा घरच्या हिशेबाच्या वहीसारखे मांडून पाहा. वाचणारा एक, पैसे देणारा दुसरा. वाचणाऱ्याला हवे असते साहस, देणाऱ्याला हवा असतो संस्कार. मोठ्यांच्या मासिकाचा वर्गणीदार वीस वर्षे टिकतो. मुलांच्या मासिकाचा वर्गणीदार चार-पाच वर्षांत मोठा होतो आणि सोडून जातो. म्हणजे दर चार वर्षांनी दुकान नव्याने मांडायचे! चित्रे हवीत, म्हणजे खर्च दुप्पट; किंमत मात्र निम्मी हवी, कारण 'मुलांचेच तर आहे'. जाहिराती बेताच्या. एवढ्या खड्ड्यात जो पाय टाकतो, त्याला वेडा तरी म्हणावे किंवा नमस्कार तरी करावा. वा. गो. आपट्यांनी १९०६ साली 'आनंद' काढला, भागवतांनी 'बालमित्र' काढले. १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाने 'किशोर' सुरू केले, त्याच्यामागे निदान शासनाचा हात होता. एकट्या माणसाच्या मागे कोण होते? आपण असायला हवे होते.

फेणेचे सारे काही आदर्श आहे, असे माझे म्हणणे नाही. त्या जगाच्या मध्यभागी मुलगाच आहे, हे उणे आहे, आणि माझ्या वर्गातल्या मुली ते मला स्पष्ट शब्दांत सांगतात. पण उपाय कोणता? फेणेला हाकलणे, की मुलीच्या हाती सायकल आणि भिंग देणारा पुढचा लेखक उभा करणे? ताम्हनकरांनी 'गोट्या' लिहिला तशी 'चिंगी'ही लिहिलीच ना? त्या वाटेने पुढे जायचे, तर आपण कपाटालाच कुलूप घालतो. काळ जुना आहे, त्यात तारा आणि ट्रंककॉल येतात, अशीही कुरकुर ऐकली. मुलांना तलवारी आणि पालख्या चालतात. ट्रंककॉलने त्यांचे काय बिघडणार?

उलट आजच त्या पुस्तकांची गरज अधिक आहे. चाळीतल्या मुलाला रहस्यकथा शिकवावी लागत नसे. तीन मजल्यांची गॅलरी, कोण आले, कोण गेले, कोणाकडे तार आली, कोणाच्या दाराला दुपारी कुलूप, हे त्याला आपोआप कळत असे. गिरणीची भिंत होती, गल्ली होती, बंद गोदाम होते. १९८२ च्या संपानंतर भोंगे एकामागून एक गप्प झाले. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, आणि मूल विसाव्या मजल्यावर गेले. आता ते खाली उतरते ते लिफ्टने, जाते ते गाडीने, खेळते ते बोटांनी. ज्याच्या पायांना गल्ली उरली नाही, त्याच्या मनाला तरी फुरसुंगीचा रस्ता मोकळा नको का?

आम्ही फेणेला अगदीच विसरलो नाही, असेही कोणी म्हणेल. दूरदर्शनवर १९८७ साली मालिका झाली. सुमीत राघवनच्या रूपाने तो घराघरात आला. २०१७ साली चित्रपट निघाला. अमेय वाघचा तो फेणे मला आवडला. पण तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसलेला तरुण होता. म्हणजे फेणे हवा होता तोही आम्हा मोठ्यांना, आमच्या आठवणींसाठी! दहा वर्षांच्या पोराचा फेणे पुस्तकातच राहिला, आणि पुस्तक कुलपात.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही पेढे वाटले. २०२५ साली पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून रान उठले. आम्ही मोठमोठ्याने बोललो. छान केले. पण भाषा राजपत्राने जगत नाही. रात्री दिवा मालवायला सांगितल्यावर "एवढे पान, फक्त एवढे एकच पान" असे जे मूल मराठीत गयावया करते, त्याच्या जिवावर ती जगते. तसे मूल माझ्या वर्गात दरवर्षी कमी होते आहे. मुले मराठी वाचत नाहीत म्हणून पुस्तके घ्यायची नाहीत, आणि पुस्तके घेतली नाहीत म्हणून मुले वाचत नाहीत, असा हा घाण्याचा बैल आहे. त्याला कोणीतरी सोडले पाहिजे.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. शाळांनी निवडसमितीत दोन विद्यार्थी घ्यावेत आणि त्यांच्या मताला मोठ्यांइतकेच वजन द्यावे. कपाटाची किल्ली कचेरीत न ठेवता मुलांच्या हाती द्यावी. चार पुस्तके हरवतील, हरवू द्यावीत. बक्षीससमारंभात एखादे तरी पुस्तक असे असावे, की ते मिळाल्यावर मुलगा घरी पोचेपर्यंत थांबणार नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांनी, यात हा अंकही आला, मुलांची पाने शेवटी उरलेल्या जागेत कोंबू नयेत. आणि आई-बाबांनो, या भाऊबीजेला दादर स्टेशनाबाहेर पडाल तेव्हा कपड्यांच्या दुकानाआधी पुस्तकाच्या दुकानात शिरा, मुलाला बरोबर न्या, आणि त्याने काय उचलले ते पाहून नाक मुरडू नका. त्याने चोरांचे पुस्तक उचलले, तर शांतपणे पैसे द्या. घरी आल्यावर, तो झोपला की, तुम्हीही ते वाचून काढा. चोर कोण होता ते त्याला सकाळी सांगू मात्र नका.